वाळूच्या साच्यात माती ओतताना

धातूचे ओतकाम आणि मातीचे ओतकाम वरून पाहता सारखेच दिसते. साचा तयार करायचा, त्यात पातळ पदार्थ ओतायचा, तो घट्ट झाला की साचा सोडवायचा. परंतु घट्ट होण्याची क्रिया दोन्हींत अगदी वेगळी आहे. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, उष्णता गमावून घट्ट होते. मातीचा गारा पाणी गमावून घट्ट होतो. म्हणजे बिडाच्या साच्याने उष्णता सोसायची असते आणि वायू बाहेर जाऊ द्यायचे असतात, तर मातीच्या साच्याने पाणी ओढून घ्यायचे असते. फौंड्रीतली, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातली, वाळूची पद्धत कुंभारकामात आणण्याचे प्रयोग बहुतेक वेळा फसतात ते हा फरक लक्षात न घेतल्यामुळे, आणि जेव्हा साधतात तेव्हाही त्याचे कारण हाच फरक ओळखून केलेली एखादी तजवीज असते.

सातारा-सांगली भागात वाळूच्या साच्याची ओळख कोणाला नव्याने करून द्यावी लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि तिथून बिडाचे नांगर शेतोशेती गेले. पुढे त्या जागेचे नावच किर्लोस्करवाडी झाले. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना १९२२ चा. आज मिरज-कुपवाडपासून कोल्हापूरपर्यंत लहानमोठ्या फौंड्र्यांची रांग आहे. दुसरीकडे, कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर वीट थापणारा कामगार साच्याला प्रत्येक वेळी वाळू लावतो, ती माती चिकटू नये म्हणून. अशा भागात सिरॅमिकचे काम करणाऱ्याला वाळूचा साचा वापरून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. वाळू स्वस्त असते, पुन्हा पुन्हा वापरता येते, हवा तो आकार तिच्यात सकाळी करून संध्याकाळी मोडता येतो, आणि तिच्या दाण्यांचा ठसा मातीवर उमटतो तो प्लास्टरच्या गुळगुळीत साच्यातून कधीच मिळत नाही.

फौंड्रीतली वाळू म्हणजे नुसती वाळू नव्हे. सिलिका वाळूत साधारण ५ ते १० टक्के बेंटोनाइट नावाची चिकण माती आणि ३ ते ४ टक्के पाणी मिसळलेले असते. बिडाच्या कामासाठी कोळशाची पूडही घालतात. बेंटोनाइटचा पातळ लेप प्रत्येक दाण्यावर बसतो आणि दाणे एकमेकांना धरून राहतात. वाळू तयार झाली की नाही हे पाहण्यासाठी जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, यंत्राकडे जात नाही. तो मूठभर वाळू घेऊन आवळतो, मूठ उघडतो आणि तयार झालेला गोळा मधोमध मोडतो. मोडलेल्या कडा स्वच्छ, धारदार राहिल्या, बोटांचे ठसे गोळ्यावर नीट उमटले आणि तळहाताला वाळू चिकटली नाही, म्हणजे पाणी बरोबर. गोळा कडेने भुरभुरला तर पाणी कमी, हात ओला झाला तर जास्त. कुंभारकामासाठी वाळू करतानाही याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

आता मातीच्या बाजूने पाहू. ओतण्याच्या गाऱ्याला स्टुडिओत स्लिप म्हणतात. माती पातळ करायची म्हणून नुसते पाणी वाढवत गेल्यास वाळताना ती फार आकसते आणि तडकते. म्हणून गाऱ्यात सोडियम सिलिकेट किंवा धुण्याचा सोडा अगदी थोडा, कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, घालतात. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून दूर राहतात आणि कमी पाण्यातही गारा सहज वाहतो. असा चांगला गारा लिटरला सुमारे १,७५० ग्रॅम भरतो. त्यात कोरडी माती १,२०० ग्रॅमच्या आसपास आणि उरलेले पाणी असते. या पाण्यापैकी साधारण २०० ग्रॅम साच्याने ओढून घेतले की माती हाताळण्याइतकी घट्ट होते. संपूर्ण पाणी साच्याने काढायचे नसते, हे इथे ध्यानात घ्यावे. बाकीचे नंतर हवेत वाळते.

हे काम प्लास्टर ऑफ पॅरिस उत्तम करते, कारण गोठलेल्या प्लास्टरमध्ये एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासची असंख्य छिद्रे असतात. छिद्र जितके बारीक तितकी त्याची पाणी ओढण्याची शक्ती अधिक, हा केशाकर्षणाचा नियम आहे. दिव्याच्या वातीत तेल चढते तेही याच नियमाने. हिशोब करून पाहिल्यास एक मायक्रॉन त्रिज्येचे छिद्र पाण्याला तत्त्वतः सुमारे १५ मीटर उंचीइतक्या जोराने ओढते, म्हणजे जवळजवळ दीड वातावरणाचा दाब. त्यातच प्लास्टर पाण्यात किंचित विरघळते आणि त्यातून सुटलेले कॅल्शियम गाऱ्याच्या कणांना साच्याच्या भिंतीलगत एकत्र जमवते, त्यामुळे थर लवकर बसतो. प्लास्टर या दोन्ही अर्थांनी मातीशी जमवून घेणारा पदार्थ आहे.

वाळूचे तसे नाही. पाव मिलिमीटर जाडीच्या दाण्यांची वाळू घट्ट कुटली, तरी दाण्यांमधल्या फटींची त्रिज्या मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या घरात राहते. अशी फट पाण्याला जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीइतक्या जोराने ओढते, म्हणजे प्लास्टरच्या पन्नासाव्या हिश्शाइतक्या. साच्याच्या भिंतीवर मातीचा थर जसजसा जाड होतो, तसतसे पाण्याला त्याच थरातून वाट काढत बाहेर पडावे लागते. म्हणून थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ४ मिलिमीटर जाडी १५ मिनिटांत मिळत असेल, तर ८ मिलिमीटरला अर्धा तास पुरत नाही, पूर्ण एक तास लागतो. ओढ पन्नासपट कमी असेल तर तोच ४ मिलिमीटरचा थर बसायला बारा तासांहून अधिक वेळ लागेल. हा ढोबळ अंदाज आहे. गाऱ्याचा स्वतःचा भार आणि वरून होणारे बाष्पीभवन त्यात धरलेले नाही. तरीही वाळूच्या साच्यात ओतलेला गारा रात्रभर ठेवला तरी सकाळी दह्यासारखाच का असतो, याचे उत्तर या आकड्यात बरेचसे सापडते.

वाळूत पाण्याला जागा कमी पडते असा काहींचा समज असतो, तो बरोबर नाही. दहा किलो वाळूत दाण्यांमधली मोकळी जागा जवळपास अडीच लिटर भरते. फौंड्रीच्या हिशोबाने तिच्यात ४ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम पाणी आधीच असले, तरी आणखी दोन लिटर मावू शकते. जागा भरपूर आहे. कमी पडते ती ओढ.

खरी अडचण मात्र याच्याही पुढची आहे, आणि ती समजावून घेण्यासाठी एक लहानशी वाटी ओतून पाहणे पुरेसे आहे. नदीची किंवा बांधकामाची वाळू चाळून, नुसत्या पाण्याने ओलसर करून एका घमेल्यात भरावी, तिच्यात वाटी तळाच्या बाजूने दाबून खळगा करावा आणि वाटी हलके उचलून घ्यावी. खळगा सुरेख उमटतो, कडा स्वच्छ दिसतात. त्यात पळीने हळूहळू गारा सोडला की पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग खळग्याच्या काठाशी वाळूचा रंग गडद होऊ लागतो, तो गडद पट्टा बाहेरच्या बाजूला पसरतो, आणि थोड्याच वेळात भिंतीचा एखादा कोपरा मऊ पडून गाऱ्यात घसरतो. ओलसर वाळू उभी राहते ती दाण्यांच्या सांध्यांशी असलेल्या पाण्याच्या बारीक पुलांमुळे. हे पूल अगदी थोड्या पाण्याने तयार होतात आणि दाण्यांना परस्परांकडे ओढून धरतात. पण गाऱ्यातले पाणी वाळूत शिरून सगळ्या फटी भरल्या की पूल उरतच नाहीत, नुसते पाणी उरते, आणि भिंतीचा आधार जातो.

सारांश असा की वाळूला आकार धरण्यासाठी ओल हवी आणि गाऱ्यातले पाणी ओढण्यासाठी कोरडेपणा हवा. वाळूचा साचा वापरून केलेला सिरॅमिकचा प्रत्येक यशस्वी प्रयोग या दोन गरजांमधला काही ना काही समझोता असतो.

सर्वांत सोपा समझोता म्हणजे ओतणेच टाळणे. मळलेली, मऊ माती ओलसर वाळूच्या खळग्यात हाताने दाबून बसवली, तर साच्याला पाणी फारसे ओढावे लागत नाही, कारण मळलेल्या मातीत मुळातच पाणी कमी असते. गणपतीच्या मूर्तीसाठी साच्यात शाडू दाबणाऱ्यांना ही कृती हातखंडा वाटेल. फरक इतकाच की इथे साचा दाबाखाली सरकू शकतो. म्हणून मातीची पोळी खळग्यात आधी मधोमध टेकवावी आणि बोटांनी कडेकडे दाबत न्यावी. उलट दिशेने, कडेकडून मध्याकडे गेल्यास वाळूची भिंत आत ढकलली जाते. मोठी ताटे, परडीच्या आकाराची भांडी, भिंतीवर लावायच्या उठावाच्या फरश्या या रीतीने चांगल्या होतात, आणि नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे.

दुसरा मार्ग गाऱ्याचा स्वभाव बदलण्याचा. सोडियम सिलिकेट घातलेला पातळ गारा वाळूच्या फटींत खोलवर शिरतो आणि सुकल्यावर भांड्याच्या अंगावर वाळूचे जाड कवच धरून बसतो. त्याऐवजी सोडा न घालता, उलट व्हिनेगरचे काही थेंब किंवा एप्सम सॉल्ट चिमूटभर घातल्यास मातीचे कण एकमेकांशी जुळतात आणि गारा दाट, थरथरणारा होतो. तो ओतण्यापेक्षा ब्रशने किंवा पळीने साच्याला लावावा लागतो. पहिला पातळ हात थोडा ओढला की दुसरा, मग तिसरा. वेळ लागतो, परंतु वाळूच्या दाण्यांचा ठसा असा काही स्पष्ट मिळतो की भांड्याचा पृष्ठभाग वाऱ्याने कोरलेल्या खडकासारखा दिसतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत अधिक आशादायक वाटतो, आणि तो फौंड्रीलाही अपरिचित नाही. फौंड्रीत ओल्या वाळूच्या साच्याबरोबरच वाळवलेल्या, भट्टीत तापवून कोरड्या केलेल्या वाळूच्या साच्याची पद्धत पूर्वापार आहे. वाळूत चिकण मातीचे प्रमाण थोडे वाढवून साचा ओला असताना घडवायचा आणि ओतण्यापूर्वी पूर्ण वाळवायचा. मग आकार धरण्याचे काम मातीच्या लेपाकडे जाते आणि पाण्याच्या पुलांची गरज उरत नाही. वाळूच्या जागी भाजलेल्या विटेची चाळलेली भुकटी, म्हणजे चुन्याच्या कामातली आपली सुरखी, वापरली तर आणखी लाभ होतो. वाळूचा दाणा भरीव असतो, तर सुरखीचा दाणा स्वतःच सच्छिद्र असतो आणि त्याच्या अंगातली छिद्रे दाण्यांमधल्या फटींपेक्षा पुष्कळ बारीक असल्यामुळे ती पाणी जोराने ओढतात. मात्र साचा खरोखरच पूर्ण वाळलेला असला पाहिजे. बारीक छिद्रे आधी भरतात, त्यामुळे अर्धवट वाळलेला सुरखीचा साचा वरून कोरडा दिसला तरी त्याची ओढ संपलेली असते.

हाच विचार पुढे नेऊन तो साचा ७००-८०० अंश सेल्सिअसवर भाजून घेतला, तर तो भाजलेल्या मातीचा साचा होतो, आणि तो प्रकार फार जुना आहे. मराठवाड्यातल्या तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी दाबून ती जोडण्याचे हे तंत्र दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात चांगलेच मुरलेले होते.

फौंड्रीतला आणखी एक प्रकार मोहात पाडतो, तो म्हणजे सीओटू पद्धत. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून साचा भरतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. काही सेकंदांत साचा दगडासारखा कडक होतो. कडक, कोरडा आणि पाण्याचा अंश कमी असलेला साचा म्हणजे आपले काम झाले असे वाटते. परंतु या क्रियेत सिलिकाचे जेल बनताना सोबत सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार होतो, आणि गारा पातळ ठेवण्यासाठी आपण वापरतो तो हाच पदार्थ. साच्याच्या भिंतीलगत गारा घट्ट व्हायला हवा, तिथेच त्याला पातळ करणारे द्रव्य मिसळते. प्लास्टरचे कॅल्शियम जे काम करते त्याच्या अगदी उलट. शिवाय पाण्याबरोबर पृष्ठभागावर आलेला सोडा भट्टीत मातीला वितळवण्याच्या बाजूने काम करतो आणि अंगावर चकचकीत डाग उठू शकतात. एखाद्याला तेच हवे असतील तर गोष्ट वेगळी.

चौथा मार्ग आडवळणाचा आहे, पण निकालाच्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर जन्मलेला शिल्पकार कोस्तान्तिनो निवोला याने अमेरिकेत समुद्रकाठच्या ओल्या वाळूत आकार कोरून त्यात प्लास्टर ओतण्याची रीत विकसित केली आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या दालनासाठी तशीच एक भव्य उठावाची भिंत केली. प्लास्टर किंवा सिमेंट रासायनिक क्रियेने गोठते. साच्याने पाणी ओढण्याची त्याला गरज नसते. म्हणून वाळूशी त्याचे चांगले जमते. कुंभाराने वाळूत आकार करावा, त्यात प्लास्टर ओतावे, प्लास्टर गोठल्यावर त्यावरची वाळू ब्रशने आणि पाण्याने धुऊन काढावी, ते सुकू द्यावे आणि मग त्या प्लास्टरवर माती दाबावी किंवा गारा ओतावा. वाळूचा पोत मिळतो आणि वाळूची कटकट राहत नाही. इथे एक गोष्ट आरंभीच ठरवावी लागते. वाळूत थेट माती भरली तर जिथे खोदले तिथे मातीत उंचवटा येतो. मध्ये प्लास्टर आले की आकार पुन्हा उलटतो आणि वाळूत जो खळगा होता तो मातीतही खळगाच राहतो. अक्षरे किंवा तारीख कोरायची असल्यास या उलटापालटीचा हिशोब कागदावर मांडून मगच वाळूला हात लावावा.

वाळू कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. कृष्णा, कोयना, वारणा या नद्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून वाहत येतात, त्यामुळे त्यांची वाळू शुद्ध सिलिका नसते. हातात घेऊन उन्हात पाहिली तर तिच्यात बेसाल्टचे काळपट कण, लोहयुक्त चमकणारे बारीक दाणे, गारगोटीचे आणि पांढुरक्या खनिजांचे तुकडे असे मिश्रण दिसते. चुंबक फिरवला तर त्याला काळी पूड लगडते. बिडाच्या तापमानाला ही वाळू टिकत नाही, म्हणून फौंड्र्यांना लागणारी सिलिका वाळू बाहेरून आणावी लागते, आणि सिंधुदुर्गातला कासार्डे परिसर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. मातीच्या कामात मात्र नदीची वाळू त्याज्य नाही. ९००-१,००० अंशांवर भाजायच्या लाल भांड्यांना ती चालते. १,२०० अंशांवर जाणाऱ्या स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांना, चिकटलेले बेसाल्टचे कण वितळून तपकिरी-काळे ठिपके उमटवतात, आणि कल्पक माणूस त्यांचा नक्षीसारखा उपयोग करून घेतो. नदीतल्या उपशावर निर्बंध आल्यापासून बांधकामावर सर्रास दिसणारी क्रशरची वाळू हीही बेसाल्टचीच, पण तिचे दाणे कोनदार असतात. कोनदार दाणे एकमेकांत अडकून आकार चांगला धरतात आणि मातीतही तितकेच घट्ट रुततात. गोलसर दाणे सहज सुटतात.

फौंड्रीतून टाकून दिलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून आणण्यापूर्वी ती कशाने बांधलेली होती याची चौकशी अवश्य करावी. बेंटोनाइटची असेल तर तिच्यातला कोळसा भट्टीत जळून जातो. रेझिन, म्हणजे रासायनिक डिंक, घातलेली असेल तर ती मातीला चिकटून भट्टीत गेल्यावर उग्र, हानिकारक धूर सोडते. तशी वाळू स्टुडिओत आणूच नये.

बांधण्यासाठी बेंटोनाइट विकत मिळते, परंतु आपल्या पायाखालची काळी माती त्याच कुळातली आहे. कृष्णाखोऱ्यातल्या काळ्या जमिनीतल्या मातीचा मुख्य घटक आणि बेंटोनाइटचा मुख्य घटक एकच, माँटमोरिलोनाइट. पाण्याने फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी ही माती भांडी घडवायला एकटी निरुपयोगी ठरते, पण वाळूचे दाणे बांधण्यासाठी शेकडा आठ-दहा भाग घालून पाहण्यासारखी आहे. ती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलीच पाहिजे, कारण तिच्यात चुनखडीचे खडे असतात. चुनखडीचा खडा भांड्याला चिकटून भट्टीत गेला की साधारण ८५०-९०० अंशांच्या सुमारास त्याचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर आल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि आठवड्याभराने भांड्याच्या अंगावरून टवका उडतो. पाटण-कराडकडे पावसाळ्यात हा प्रकार विशेष लवकर दिसतो.

आतापर्यंत वाळूच्या उणिवाच अधिक आल्या. एका बाबतीत मात्र वाळू प्लास्टरपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे, ती म्हणजे आतला गाभा. माती वाळताना ५ ते ८ टक्के आकसते; तीस सेंटीमीटरचे ताट दीड-दोन सेंटीमीटरने लहान होते. साचा बाहेरून असेल तर माती आकसून आपोआप सुटते. पण माती कडक गाभ्याभोवती गुंडाळलेली असेल तर ती आकसायला जागा न मिळून फाटते. वाळूचा गाभा इथे दबतो, सरकतो, आणि शेवटी ओतून रिकामा करता येतो. कापडी पिशवीत कोरडी वाळू ठासून भरावी, तिच्याभोवती मातीची पोळी लपेटावी, माती चामड्यासारखी घट्ट होऊ लागली की पिशवीचे तोंड सोडून थोडी वाळू काढावी, आणखी काही तासांनी आणखी थोडी, आणि शेवटी रिकामी पिशवी चिमटीत धरून आतून सोलून काढावी. पिशवीच्या कापडाचा विणीसकट ठसा आत राहतो. अरुंद तोंडाचे, फुगीर पोटाचे मोठे भांडे चाकाशिवाय करण्याची याहून सोपी रीत सापडणे अवघड आहे. वाळू थोडी थोडी काढण्याचा वेग मात्र हवेवर ठरतो. एप्रिलमध्ये माण-खटावच्या कोरड्या हवेत पहिली वाळू दुपारच्या आत काढावी लागेल, आणि जुलैत महाबळेश्वरच्या उतारावर तीच माती दोन दिवस तशीच मऊ राहील. जिल्हा एकच असला तरी वेळापत्रक एक असू शकत नाही.

भट्टीत वाळूचे वर्तन मातीपेक्षा वेगळे असते. सिलिका वाळूचा दाणा म्हणजे स्फटिकी क्वार्ट्झ. ५७३ अंशांवर त्याची अंतर्गत रचना बदलते आणि आकारमान एकाएकी वाढते. थंड होताना त्याच तापमानाला ते तितकेच एकाएकी घटते. भांड्याच्या अंगात रुतलेला जाड दाणा असा फुगला आणि आकसला की त्याच्याभोवती केसासारखी भेग राहते. पृष्ठभागावर बारीक वाळूचा पातळ थर असेल तर त्रास होत नाही. दोन-तीन मिलिमीटरचे खडे असतील आणि भट्टी घाईने थंड केली असेल तर होतो. म्हणून साच्याच्या आतल्या बाजूला नेहमी बारीक चाळलेली वाळू लावावी आणि मागे जाडी भरडी भरावी, जशी फौंड्रीत भरतात. ५०० ते ६५० अंशांचा टप्पा चढताना आणि उतरताना सावकाश पार करावा. खाण्यापिण्याच्या भांड्याची आतली बाजू वाळूच्या साच्यातून काढू नये, कारण सुटे दाणे ग्लेझखालीही, म्हणजे काचेसारख्या लेपाखालीही, निसटत राहतात.

कोरड्या वाळूची धूळ हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. श्वासाबरोबर आत जाणारी स्फटिकी सिलिका फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरा करणारा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९७ मध्ये तिची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. दिसणारी धूळ खाली बसते, घातक असते ती न दिसणारी. वाळू आणि सुरखी चाळताना एन-९५ मुखपट्टी लावावी, काम मोकळ्या हवेत करावे, आणि नंतर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरातच स्टुडिओ असेल तर चाळण्याचे काम घरात करूच नये.

प्रयोगाच्या नोंदी वजनावर ठेवाव्यात, मापट्यावर नव्हे, कारण ओलसर वाळू भुसभुशीत भरली की कुटलेली, यावर तिचे आकारमान पुष्कळ बदलते. प्रत्येक नमुन्यावर दहा सेंटीमीटरची रेघ ओढून ती वाळल्यावर आणि भाजल्यावर मोजावी, म्हणजे आकसणे किती ते थेट कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वाळू, पाणी आणि गारा तिन्ही एकदम बदलले तर साचा का टिकला हे कळत नाही आणि का ढासळला हेही कळत नाही.

आणि वाळू स्वतः बदलत राहते याचीही नोंद हवी. प्रत्येक ओतकामानंतर गाऱ्यातली थोडी माती वाळूत राहते. सुरुवातीला ती उपकारक असते, साचा अधिक नीट उभा राहतो. पुढे हीच बारीक माती दाण्यांमधल्या फटी बुजवू लागते, वाळू तितक्याच ओलसरपणासाठी अधिक पाणी मागते, साचा वाळायला वेळ घेतो आणि वाळताना त्यावर भेगा दिसू लागतात. फौंड्रीत हवा वाळूतून किती सहज जाते हे यंत्रावर मोजून नवी वाळू मिसळण्याचे प्रमाण ठरवतात. स्टुडिओत मूठभर वाळू काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवून ठेवली तरी पुरते: वाळू लगेच तळाशी बसते, माती तासाभराने तिच्यावर थर धरते, आणि तो थर पहिल्या नोंदीच्या दुपटीहून जाड झाला की निम्मी वाळू काढून तिच्या जागी नवी घालावी.